मोगऱ्याचं पाणी

माती माणसाला शेवटी आपल्याकडे बोलावून घेते, असं मी पुष्कळ ठिकाणी वाचलं आहे, आणि लिहिणाऱ्यांनी ते गंभीरपणेच लिहिलेलं असतं. माझ्या थोरल्या भावालाही मातीने बोलावून घेतलं. फक्त ती हाक कल्याणच्या एका छातीच्या डॉक्टरमार्फत आली, आणि तिच्यासोबत एक्स-रे होता.

डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि विचारलं, "बिडी?"

"न्हाय."

"काम काय करता?"

"लूमवर."

"किती वर्षं?"

दादाने वर बघून हिशेब केला. तो सोळाव्या वर्षी गावातून भिवंडीला यंत्रमागाच्या शेडमध्ये गेला होता आणि आता त्याचे कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. ते रुईनेही पांढरे दिसत, त्यामुळे खरे पांढरे कधी झाले हे घरात कोणालाच कळलं नव्हतं.

"मग ही रुई आहे," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा शेडमध्ये जायचं नाही. गेलात तर माझ्याकडे येऊ नका, उपयोग होणार नाही."

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "डॉक्टर चांगला हाय. पुढची फी नको म्हनतो."

तेव्हा मी भिवंडीतल्या एका शाळेत मराठी शिकवत होतो आणि सुट्टीच्या दिवशी गावी जात होतो. आमचं गाव दिघाशीच्या अलीकडे. वडिलांची भाताची जमीन होती, आणि घराला लागून ओढ्याकडे उतरणारा एक तुकडा, त्यात बोअर. भात कापल्यावर त्या तुकड्यात थोडा वाल टाकायचा आणि बाकी जमीन ढोरांना मोकळी सोडायची, अशी पद्धत होती. दादाने तिथे भाजी करायचं ठरवलं. गावातल्या प्रत्येकाने त्याला सांगितलं की झाक केलंस, शेतात मोकळी हवा असते. हे सांगणारे बहुतेक सगळे रोज सकाळी पडघ्याच्या गोदामांत हमालीला किंवा वॉचमनकीला जात.

दादा शेतात उतरला तो शेडमधूनच उतरला. लूमच्या आवाजात इतकी वर्षं बोलल्यामुळे त्याला हळू बोलता येत नसे. तो वांग्याच्या रोपांमध्ये उभा राहून वहिनीला मीठ कुठे ठेवलंय ते विचारी, आणि ओढ्यापलीकडच्या बायका उत्तर देत. वाफ्यांना तो लाइन म्हणे. पाणी धरायला जाताना "ड्युटीवर जातो" म्हणून निघे. दोन्ही हात मागे बांधून तो भेंडीच्या दोन ओळींमधून असा चाले की आता कुठलीतरी तार तुटेल आणि ती जोडायला आपण तिथे पाहिजे.

भेंडी त्याला जमली. भेंडी दिवसाआड तोडावी लागते, एक दिवस चुकला तर जून होते, आणि तोडत राहिलं तर येत राहते. "ही लूमसारखीच हाय," तो मला म्हणाला. "चालू ठेवली का माल देते." वांग्यात अळी पडली, काकडी कडू निघाली, पण भेंडीने पहिली दोन वर्षं तोंड वर काढू दिलं. अडचण एवढीच, की दादाची भेंडी ज्या आठवड्यात पडघ्याच्या बाजारात जाई त्याच आठवड्यात सगळ्या तालुक्याची भेंडी तिथे आलेली असे. घर चालायचं, पण लंगडत. आणि शेडचा सेठ अधूनमधून मोबाइलवर फोन करायचा. "अरे भाई, कारीगर मिलता नहीं. तू आ जा ना. पंखे के पास का लूम दूँगा." दादा फोन कानापासून लांब धरून ओरडून नाही म्हणायचा आणि मग भेंडीच्या ओळींतून एक चक्कर मारून यायचा. त्याला शेडची आठवण यायची. हे त्याने कधी कबूल केलं नाही, पण माझ्या वहिनीला ते माहीत होतं.

मोगरा आणायची कल्पना त्याचीच. मोगरा एकदा लावला की काही वर्षं राहतो, उन्हाळाभर कळी देतो, आणि कल्याणच्या फुलबाजाराला ती रोज लागते. वाडा गावाच्या पुढे एका नर्सरीतून तो रोपं घेऊन आला. नर्सरीवाल्याने सगळं समजावून दिलं आणि वर एक छापील पत्रक दिलं, तेही दादाने वाचलं. म्हणजे पुढे जे झालं ते माहिती नव्हती म्हणून झालं असं म्हणता येणार नाही. गावात मोगरा न लावलेल्या माणसांनाही ते माहीत होतं.

मोगऱ्याला ताण द्यावा लागतो. दिवाळी झाली की त्याचं पाणी तोडायचं. पानं पिवळी पडतात, गळतात, झाडाच्या काटक्या होतात. तसंच राहू द्यायचं. मग जानेवारीच्या शेवटी छाटायचं, खत घालायचं, पाणी सुरू करायचं, आणि नव्या फुटीबरोबर कळी येते. ताण दिला नाही तर झाड पानांवरच खूश राहतं. आपण मरणार असं झाडाला वाटलं की ते फुलांच्या मागे लागतं, असं नर्सरीवाला म्हणाला होता. मला हे ऐकून बरं वाटलं. वर्गात कुठेतरी वापरता आलं असतं. दादाला ते अजिबात पटलं नाही.

"चालू मशीन बंद करायचं," तो म्हणाला, "आनि मग बोलायचं का आता कापड जास्त निघंल?"

पहिल्या हिवाळ्यात रोपं कोवळी होती, तेव्हा प्रश्न आला नाही. दुसऱ्या हिवाळ्यात आला. त्या दिवाळीत दादाने वहिनीला सांगून टाकलं होतं, की या उन्हाळ्यात मोगऱ्याने कळी दिली तर ठीक. नाही तर तो शेडमध्ये जाणार. त्याने ते भांडून सांगितलं नाही. जेवताना, भात कालवत सांगितलं, आणि वहिनीने ताटातला हात थांबवून विचारलं, "आनि तो डॉक्टर काय बोलला व्हता?"

"डॉक्टर घर चालवायला येनार हाय का?"

त्यानंतर वहिनीने मोगऱ्याचं पाणी स्वतः तोडलं. तिने वाफ्याच्या तोंडाशी माती लोटली आणि वर दगड ठेवला. दादा रोज सकाळी त्या दगडापाशी जाऊन उभा राहायचा. झाडं पिवळी पडू लागली तसा तो जेवेनासा झाला. बंद लूमसमोर रिकामा बसलेला कारीगर मी भिवंडीत पुष्कळ पाहिला होता. लाइट गेलेली असते, हात मांडीवर, नजर धोट्यावर. शेतात तसा बसलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला. मोटरसाठी वीज दिवसातून काही तासच असायची. ती आली की स्टार्टरवरचा लाल दिवा लागायचा, आणि तो दिवा आणि माझा भाऊ एकमेकांकडे बघत बसायचे. तरी त्याने धीर धरला. मी त्याला हे श्रेय देतो, कारण पुढे त्याला जे श्रेय जाहीरपणे देण्यात आलं ते भलत्याच गोष्टीचं होतं.

डिसेंबरात गावातल्या एका मंडळाने शेतकरी मेळावा ठरवला. मंडळाचा अध्यक्ष दादाच्या शाळेतला, एकाच बाकावरचा. तालुक्यातले एक साहेब येणार होते. साहेब आले की कोणाचा तरी सत्कार करावा लागतो, आणि गावात शेती करून सत्कार घेण्याइतपत रिकामा असा माझा भाऊ एकटाच निघाला. बाकीचे भात लावत, पण भात लावणाऱ्याचा सत्कार करायची पद्धत नाही. अध्यक्ष घरी आला, चहा घेतला, "प्रगतिशील शेतकरी" हे शब्द दोनदा उच्चारून पाहिले, आणि मग बाग बघायला मागच्या बाजूला गेला. मी तिथेच होतो.

"ही बाग?"

"ही," दादा म्हणाला.

"अरे, ही तर मेली."

"मेली न्हाय. तान दिलाय. पानी तोडलंय."

"तुझं सगलं बरोबर हाय. पन साहेब इथं फोटो काढनार हायेत. पेपरात येनार. त्यांनी काय काटक्यांसंगं उभं ऱ्हायाचं?"

वहिनी चहाचे कप उचलायला आली होती. ती म्हणाली, "भावजी, दोन-तीन महिने थांबा ना. तुमच्या साहेबांना सांगा, फुलं आल्यावर या."

"वयनी, साहेबांची तारीख हाय ती. लगीन हाय का, पुढं ढकलायला?"

"लग्नाला तरी मुलगी बघून जातात."

अध्यक्ष हसला. दादा हसला नाही. तो बागेकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला एकदम सुटका दिसली. इतके आठवडे तो स्वतःशी जे भांडत होता ते भांडण दुसऱ्याच कोणीतरी त्याच्या बाजूने निकालात काढलं होतं. "थोडं पानी दिलं," तो म्हणाला, "तर काय लगेच बिघडत न्हाय."

"तेच बोलतो मी," अध्यक्ष म्हणाला.

वहिनीने कप खाली ठेवले. "मंग आपल्या घरचा उन्हाळा तुमचं मंडळ बघंल का?" तिने विचारलं. थोड्या वेळाने स्टार्टरवरचा दिवा लागला आणि दादाने दगड बाजूला केला.

मोगरा कृतज्ञ निघाला. आठ-दहा दिवसांत त्याच्या प्रत्येक काटकीला पोपटी फूट आली, आणि मेळाव्याच्या दिवशी बाग अशी हिरवीगार होती की ज्यांना मोगऱ्यातलं कळत होतं त्यांनीही तसं बोलून दाखवलं नाही. साहेब तीन तास उशिरा आले. भाषणात त्यांनी तरुणांना मातीकडे वळायला सांगितलं. तरुण मंडपाच्या बाहेर त्यांच्या गाडीभोवती उभे होते. दादाला शाल, श्रीफळ आणि नांगर ओढणाऱ्या बैलजोडीचं सोनेरी प्लास्टिकचं स्मृतिचिन्ह मिळालं. गावात तेव्हा खरी बैलजोडी एकच होती आणि तिचा मालक मंडपात मागे खाली बसला होता. मग सगळे बागेत गेले. साहेबांनी एक फांदी हातात धरली, फोटोवाल्याकडे बघितलं आणि विचारलं, "फुलं?"

"मार्चमध्ये, साहेब," अध्यक्ष म्हणाला.

"वा. मार्चमध्ये मला बोलवा."

दादाने मान हलवली. शाल खांद्यावरून घसरत होती, ती त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. फोटो चांगला आला. त्यात तो, साहेब, अध्यक्ष आणि पुष्कळ पानं आहेत.

मार्चमध्ये कळी आली नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही; वहिनीच्या एका ओच्यात मावेल एवढी आली. झाडं गुडघ्याच्या वर गेली होती, पानं जाड आणि चकचकीत. दादा रोज उजाडताना ओणवा होऊन पानांच्या खाली हात घालून बघायचा, कोंबडीने अंडं कुठे घातलंय ते शोधावं तसा. मी एका रविवारी त्याच्याबरोबर होतो. त्याने एक फांदी वर करून मला दाखवली आणि म्हणाला, "बघ, तब्येत किती चांगली हाय." मी हो म्हणालो. मग त्याला खोकला आला आणि तो बांधावर बसला. मोकळ्या हवेत तो खोकला फार लांबून ऐकू येई.

मार्चच्या शेवटी त्याने पाणी तोडून पाहिलं. उन्हाने पानं करपली, कळी काही आली नाही. मार्चमध्ये ताण देणं म्हणजे काय हे पत्रकात लिहिलेलं नव्हतं, कारण ते कोणी करेल असं पत्रक लिहिणाऱ्याला वाटलं नसावं. पाडवा झाला, आणि सेठचा फोन आला तेव्हा दादाने तो कानापासून लांब धरला नाही.

वहिनी एवढंच म्हणाली, "रुमाल तोंडाला बांधत जा."

"बांधतो."

मी एकदा शाळा सुटल्यावर त्याला शेडमध्ये बघायला गेलो. रुमाल खिशात होता. पंख्याजवळचे लूम दुसऱ्या कोणाला दिलेले होते. त्याने मला पाहून हात केला आणि काहीतरी ओरडला. त्या आवाजात त्याचं बोलणं पहिल्यांदाच बेताचं वाटलं. त्याच्या भुवया पांढऱ्या होत्या आणि तो, मला सांगायला बरं वाटत नाही, पण तो खुशीत दिसत होता. सगळी मशीनं चालू होती.

पावसाळा गेला. त्या दिवाळीनंतर वहिनीने पुन्हा दगड ठेवला आणि यावेळी स्टार्टरच्या पेटीला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली, कारण शेडला सुट्टी शुक्रवारी असते आणि शुक्रवारी दादा घरी असे. भेंडीला पाणी द्यायचं झालं की ती स्वतः जाई आणि पाणी भेंडीकडेच वळलं आहे हे बघत उभी राही. दादा तोपर्यंत चालताना मध्येच थांबू लागला होता. घरापासून बोअरपर्यंत तो दोनदा थांबायचा आणि थांबल्यावर काहीतरी बघत असल्यासारखं करायचा. एका शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी गेलो तर तो बादली घेऊन मोगऱ्याच्या कडेला उभा होता.

"ती बादली ठेवा खाली," वहिनी ओटीवरून म्हणाली.

"एका झाडाला देतो. सुकलंय बघ."

"सुकू दे."

"तू म्हंजे अगदी कसाई हायस."

"आनि तुमी? सगल्या जगाला पानी पाजा. सोताचं औषध घेतलं का?"

त्याने बादली खाली ठेवली. ती आत गेल्यावर त्याने कडेच्या झाडाला पाणी घातलं आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. एका झाडाने काय होणार होतं.

फेब्रुवारी संपता संपता मोगरा आला. तो असा आला की वहिनीला एकटीला आवरेना, तिने शेजारच्या दोघींना बरोबर घेतलं. कळी उमलायच्या आत तोडावी लागते, म्हणून त्या अंधारात कंदील घेऊन जात आणि उजाडायच्या आत टोपल्या रस्त्यावर आणून ठेवत. कल्याणचा टेम्पो पाचला यायचा. पहिल्या शुक्रवारी दादा काठी टेकत बागेत गेला आणि फुटलेल्या कळ्यांकडे, म्हणजे तोडायच्या राहून गेलेल्या, बघत राहिला. "आता सोडतो शेड," तो म्हणाला. "बीम चढलाय तेवढा उतरवतो."

लूमवर सुताचा बीम चढवला की तो विणून संपेपर्यंत कारीगर तसा उठून जात नाही. निदान माझ्या भावाच्या पिढीतले जात नसत. तो बीम संपला तेव्हा सेठने दुसरा चढवला होता. दादाने तो अर्धा उतरवला. मग एका दुपारी त्याला दोघांनी धरून रिक्षात घातलं, आणि ज्या डॉक्टरांनी येऊ नका म्हटलं होतं त्यांच्याकडेच मी त्याला नेलं. त्यांनी त्याला ओळखलं. त्यांनी फी घेतली नाही, त्यावरून मला काय ते कळलं.

काही दिवस दवाखान्यात आणि मग घरी. घरी आणल्यावर त्याला ओटीवर झोपवलं होतं. आवाज गेला होता. आता त्याचं बोलणं ऐकायला वाकावं लागे. वहिनी पहाटे त्याला सोडून जायला तयार नव्हती. तो रोज तिला हाताने ढकलायचा, जा म्हणायचा. "कळी फुटंल," असं म्हणायचा. फुटलेली कळी बाजारात कोणी घेत नाही. ती जायची.

चैत्रातल्या एका सकाळी ती टोपल्या टेम्पोत चढवून आली, चूल पेटवली, चहा ठेवला, आणि तो द्यायला गेली तेव्हा तो गेला होता. मला शाळेत फोन आला. मी पोचलो तेव्हा अध्यक्षाने पडघ्याहून तिरडीचं सगळं सामान आणलं होतं आणि माणसं जमली होती.

आमच्या गावात स्मशानात बोलायचं काम एका निवृत्त मुख्याध्यापकांकडे आहे. ते कोणी दिलेलं नाही, पण दुसऱ्या कोणी ते कधी मागितलंही नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि मातीची ओढ, घामाचं मोल, आणि सुगंध मागे ठेवून जाणारी माणसं यांविषयी बराच वेळ सांगितलं. वहिनीची माहेरची माणसं रडली. मग तिरडीकडे हात करून, भरल्या आवाजात ते म्हणाले, की या शेतकऱ्याचं भाग्य बघा, आज तो स्वतः फुलवलेल्या फुलांनी झाकून निघाला आहे.

तिरडीवर झेंडू होता. त्या दिवशीचा मोगरा पाचच्या टेम्पोने कल्याणला गेला होता.